कीसर्व्हर चालवायचाय? आधी त्यातून नाव पुसता येतं का ते बघा

२००८ साली हॉस्टेलच्या खोलीत बसून मी माझी पहिली पीजीपी किल्ली बनवली. (पीजीपी म्हणजे मेल कुलूपबंद करायची पद्धत. तिची किल्ली जोडीने येते: सार्वजनिक सगळ्यांना वाटायची, खासगी स्वतःजवळ ठेवायची.) माझ्या सार्वजनिक किल्लीला नाव आणि कॉलेजचा ईमेल पत्ता जोडला, हौसेने एक फोटोही चिकटवला आणि सार्वजनिक कीसर्व्हरवर, म्हणजे अशा किल्ल्या कुणालाही शोधता येतात त्या सर्व्हरवर, चढवून मोकळा झालो. वर्षभरात हार्डडिस्क गेली, तिच्याबरोबर खासगी किल्ली गेली, आणि कॉलेज सुटल्यावर तो पत्ताही बंद झाला. सर्व्हरवरची सार्वजनिक किल्ली मात्र ठणठणीत राहिली. रद्द करायला जी खासगी किल्ली लागते तीच माझ्याकडे नव्हती. सर्व्हर सांभाळणाऱ्याला लिहिलं तर सभ्य उत्तर आलं: आम्ही पुसू, पण शेजारच्या सर्व्हरवरून ती पुन्हा येईल.

पुढे मी स्वतः सर्व्हर सांभाळायच्या धंद्यात पडलो. आता कुणी कीसर्व्हर काढायचं म्हणतं तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो, “एन्क्रिप्शन आहे, सरकार काही म्हणणार नाही ना?” भीती चुकीच्या जागी आहे. सार्वजनिक किल्ली वाटणं हा गुन्हा नाही. कायद्याचं दुखणं आहे ते किल्लीला चिकटलेल्या नावपत्त्यांचं. कुणाला न विचारता ते प्रसिद्ध होतात आणि नंतर काढता येत नाहीत. हे दोन दोष सॉफ्टवेअरच्या रचनेत असले तर कितीही चांगला वकील मागून ठिगळं लावू शकत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांत कायदा आणि रचना एकत्रच येतील. मी वकील नाही. धोरणाचा मसुदा झाला की तो वकिलाला दाखवाच.

(‘की’ हा शब्द मराठी वाक्यात फार घोळ घालतो, म्हणून मी किल्ली म्हणतो. कीसर्व्हर मात्र कीसर्व्हरच.)

पायरी १: एसकेएसचं काय झालं ते आधी समजून घ्या

बरीच वर्षं जगभरचे कीसर्व्हर एसकेएस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालत. यारोन मिन्स्की यांनी ते ओकॅमल भाषेत लिहिलं होतं. प्रत्येक सर्व्हर आपल्या शेजाऱ्यांशी सतत ताळा करी: तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नसेल तर दे. त्यात फक्त भर पडे, वजाबाकी नव्हतीच. यामागे मूर्खपणा नव्हता. एखाद्या राजवटीने विरोधकाची किल्ली गुपचूप गायब करू नये, म्हणून मुद्दाम तसं केलं होतं.

पण त्याच रचनेत कुणीही कुणाचीही किल्ली चढवू शकत होतं. ईमेल पत्ता खरा आहे का हे कुणी तपासत नव्हतं. नावाच्या रकान्यात नावच असावं असंही बंधन नव्हतं, त्यामुळे त्यात हवा तो मजकूर कोंबता येई. २५ मे २०१८ पासून युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षण कायदा लागू झाला आणि “माझं नाव काढा” हे पत्र विनंती न राहता हक्क झालं. जून २०१९ मध्ये ओपनपीजीपी (पीजीपीचं खुलं मानक) समुदायातल्या दोन जाणत्या कार्यकर्त्यांच्या किल्ल्यांवर कुणीतरी हजारोंनी खोट्या सह्या चढवल्या. (सही म्हणजे ‘ही किल्ली याचीच’ अशी दुसऱ्याने दिलेली ग्वाही.) त्या किल्ल्या उतरवून घेणाऱ्यांचं सॉफ्टवेअर गुदमरू लागलं, आणि सर्व्हरवरून त्या सह्या काढायची सोयच नव्हती. पुढच्याच महिन्यात जीएनयूपीजी या पीजीपी वापरायच्या प्रोग्रॅमच्या २.२.१७ आवृत्तीने कीसर्व्हरवरून आलेल्या परक्या सह्या मुळातच घेणं बंद केलं. शेवटी जून २०२१ मध्ये एसकेएस सर्व्हरांच्या सामायिक पूलची डीएनएस नोंद, म्हणजे ज्या एका नावाने लोक तिथे पोचत ते नाव, काढून घेतली गेली. कारण दिलं होतं ते जीडीपीआरखाली येणाऱ्या, वाढत चाललेल्या काढून टाकण्याच्या मागण्यांचं.

खटला नाही, दंड नाही. सांभाळणाऱ्याला ज्या मागण्या तांत्रिकदृष्ट्या पुऱ्याच करता येत नव्हत्या, त्यांच्या ओझ्याने दुकान बंद झालं.

पायरी २: खुला कीसर्व्हर खरंच हवाय का ते ठरवा

बहुतेकांना नको असतो. तुमच्या संस्थेतल्या चाळीस लोकांच्या किल्ल्या बाहेरच्यांना मिळाव्यात एवढंच हवं असेल तर वेब की डिरेक्टरी, म्हणजे डब्ल्यूकेडी, पुरते. तुमच्याच डोमेनवर ठरलेल्या जागी किल्ल्यांच्या फाइली ठेवायच्या, समोरच्याचा मेल प्रोग्रॅम पत्त्यावरून तिथे पोचतो. अनोळखी माणसाची माहिती तुमच्याकडे येतच नाही. माणूस संस्था सोडून गेला की फाइल पुसायची, झालं. लिनक्स कर्नलचं डोमेन हेच करतं. डेबियनचा कीसर्व्हर आहे, पण तो स्वतःच्या डेव्हलपरांपुरताच.

सगळ्यांसाठी दार उघडायचंच असेल तर पुढे वाचा.

पायरी ३: किल्लीची पुडी सोडून बघा

एका किल्लीत पाच प्रकारचा माल असतो, आणि प्रत्येकाची कायदेशीर जोखीम वेगळी. गणिती भाग आणि त्याचा फिंगरप्रिंट, म्हणजे ती किल्ली ओळखायची छोटी खूण. मुदत आणि रद्द केल्याची नोंद. नाव आणि ईमेल. फोटो. आणि इतरांनी त्या किल्लीवर केलेल्या सह्या.

फोटो सरळ फेकून द्या. त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि अश्लील किंवा बेकायदा चित्र तुमच्या सर्व्हरवर येण्याचा तो राजमार्ग. ईमेल पत्ता नसलेले नावाचे रकानेही घेऊ नका.

इतरांच्या सह्या निरुपद्रवी वाटतात, पण तारखांनिशी त्या एकत्र मांडल्या की कोण कुणाला कधी भेटलं याचा नकाशा तयार होतो. एखाद्या देशातल्या पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला असा नकाशा महागात पडू शकतो. शिवाय सही करणारा हाही एक माणूस आहे आणि त्याची परवानगी तुम्ही घेतलेली नाही. माझं मत स्पष्ट आहे: नव्या सर्व्हरवर परक्या सह्या वाटू नयेत. किल्लीच्या मालकाने स्वतः मान्य केलेल्या सह्याच वाटण्याची पद्धत ओपनपीजीपी मंडळींत चर्चेत आहे. ती तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आली की बघता येईल.

जून २०१९ मध्येच सुरू झालेल्या कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ओआरजी या सर्व्हरने हीच वाटणी केली. किल्लीचा गणिती भाग आणि रद्द केल्याची नोंद मोकळेपणी वाटायची; नाव-पत्ता मात्र त्या पत्त्यावर मेल पाठवून होकार आल्यावरच. शोधायचं तर पूर्ण पत्ता किंवा फिंगरप्रिंट हातात हवा, “पाटील” टाकून यादी मिळत नाही. त्यामागचं हॅग्रिड हे सॉफ्टवेअर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आणि खुलं आहे. नवा सर्व्हर उभारणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. हॉकीपक हा दुसरा पर्याय. तो एसकेएसच्या जातकुळीतला, पण त्यात ठरावीक फिंगरप्रिंट रोखून धरता येतात.

पायरी ४: कुठला कायदा कुठे लागतो

“मी हौशी माणूस, घरच्या मशीनवर चालवतो,” हा बचाव चालत नाही. घरगुती कामाला सूट जीडीपीआरमध्येही आहे आणि आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही. पण युरोपच्या न्यायालयाने २००३ मध्येच लिंडक्विस्ट प्रकरणात सांगून टाकलं आहे: इंटरनेटवर अगणित लोकांसमोर मांडलेली माहिती घरगुती राहत नाही. (तो निकाल जीडीपीआरच्या आधीच्या नियमावर होता, पण तर्क आजही तोच.)

पुण्यात बसून सर्व्हर चालवला तर जीडीपीआर लागतो का? युरोपातून तो नुसता उघडतो एवढ्याने नाही. युरोपातल्या लोकांना सेवा देण्याचा तुमचा हेतू दिसला तर लागतो, मग तुम्ही तिथे नसलात तरी. जर्मन भाषेतलं पान किंवा तिकडच्या लोकांना उद्देशून केलेलं आवाहन हेतू दाखवायला पुरेसं ठरू शकतं.

आधार कशाचा घ्यायचा, इथे दोन्ही कायदे वेगळे वागतात. जीडीपीआरच्या कलम ६ मध्ये “न्याय्य हितसंबंध” नावाचा एक लवचीक आधार आहे आणि जुने सर्व्हरवाले त्याच्याकडे बोट दाखवत. भारतीय कायद्यात तसा सर्वसाधारण आधार नाही. इथे संमती, किंवा कलम ७ मधले मोजके उपयोग. त्यात माणसाने विशिष्ट हेतूसाठी आपणहून दिलेली माहिती येते. शिवाय ज्याने त्याने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदाच लागू नाही. हे वाचून हुरळून जाऊ नका. “स्वतः” हा शब्द महत्त्वाचा. माझी किल्ली माझ्या मित्राने चढवली असेल तर ती मी सार्वजनिक केलेली नाही. चढवणारा कोण होता हे तुम्हाला सिद्ध करता आलं तरच ही सूट कामाची, आणि ते सिद्ध करायचा साधा मार्ग म्हणजे पडताळणीचा मेल. म्हणजे फिरून तिथेच.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये, लागू होतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हौशी माणसाला तेवढा लावतील असं नाही, पण कायदा व्यक्ती आणि कंपनी असा भेद करत नाही. म्हणून सर्व्हर एकट्याच्या नावावर न ठेवता एखाद्या संस्थेच्या नावावर ठेवलेला बरा.

पायरी ५: पडताळणीचा मेल नीट लिहा

संपूर्ण यंत्रणेतला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. भारतीय कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. मराठी त्यात आहेच. मी असा मजकूर ठेवीन:

“तुमच्या पत्त्याच्या नावाने एक सार्वजनिक किल्ली आमच्याकडे आली आहे. तिचा फिंगरप्रिंट खाली दिला आहे. ती पत्त्यासह प्रसिद्ध करायची असेल तरच सोबतच्या दुव्यावर जा. मग ज्याला हा पत्ता ठाऊक आहे त्याला तुमचं नाव आणि किल्ली मिळेल, आणि तो त्याची प्रत ठेवू शकेल. तुम्ही कधीही, कारण न सांगता, नाव-पत्ता काढून घेऊ शकता. मात्र इतरांनी आधी घेतलेल्या प्रती आम्ही परत आणू शकत नाही. किल्ली तुमची नसेल तर काही करू नका. ७ दिवसांनी हा पत्ता आमच्याकडून आपोआप पुसला जाईल.”

प्रतींबद्दलचं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. ते न सांगता घेतलेला होकार अर्धवट आहे.

दुसरी खबरदारी शब्दांची. पानावर “सत्यापित” असा हिरवा शिक्का मारू नका. तुम्ही पत्ता तपासला आहे, माणूस नाही, आणि तसंच लिहा. “प्रमाणपत्र देतो” असंही म्हणू नका. भारतात इलेक्ट्रॉनिक सहीची प्रमाणपत्रं देणं हे परवानाधारक संस्थांचं काम आहे, आणि पीजीपीची सही म्हणजे तसं प्रमाणपत्र नव्हे. वयाची अटही इथेच घाला: १८ पूर्ण. त्याखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि ती यंत्रणा तुम्हाला झेपणार नाही.

पायरी ६: पुसण्याची पद्धत, सर्व्हर सुरू होण्याआधी

इथे घाई करू नका. मागणी कोण करतंय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

मेलपेटी हातात असलेला माणूस सोपा. त्याच्या पत्त्यावर दुवा पाठवा, त्याने दाबला की पुसा. मेलपेटी गेली पण खासगी किल्ली आहे, तर त्याला एक यादृच्छिक मजकूर द्या आणि सही करून मागा. माझ्या नावाने दुसऱ्याच कुणी किल्ली चढवली, तर ज्याच्या हाती मेलपेटी त्याचा शब्द अखेरचा.

अवघड तो माझ्यासारखा: किल्लीही नाही, मेलपेटीही नाही. इथे आपल्याकडचा ठरलेला रिवाज म्हणजे आधारकार्डाची प्रत मागणे. अजिबात मागू नका. एक नाव पुसायला तुम्ही त्याहून कितीतरी नाजूक कागद गोळा करताय, आणि आधारवरच्या नावाने तो बंद पडलेला पत्ता त्याचाच होता हे सिद्धही होत नाही. त्यापेक्षा दोन्हीकडच्या चुकांचे परिणाम तोला. नाव चुकून काढलं तर काय बिघडतं? पत्त्यावरून किल्ली सापडणार नाही. फिंगरप्रिंट ठाऊक असलेल्याला ती तरीही मिळेल, आणि खरा मालक एका मेलने पुन्हा नाव लावू शकेल. चुकून ठेवलं तर मात्र एखाद्याचा पत्ता त्याच्या इच्छेविरुद्ध कायमचा उघडा. म्हणून माझा नियम: जुन्या पत्त्यावर सूचना पाठवा, १४ दिवस थांबा, हरकत आली नाही तर नाव काढा.

यात एक चोरवाट आहे. कुणी दुष्टाव्याने एखाद्या संपादकाची किल्ली काढायला लावेल आणि मग स्वतःची खोटी किल्ली त्या पत्त्यावर चढवेल. पण नवी किल्ली मेलपेटीच्या होकाराशिवाय प्रसिद्धच होत नसेल तर ही वाट बंद होते.

पुसणं म्हणजे नेमकं काय पुसायचं तेही धोरणात आधीच लिहून ठेवा. नाव, पत्ता, सगळ्या जुन्या नोंदी काढा. पण रद्द केलेल्या किल्लीची रद्द झाल्याची नोंद मी फिंगरप्रिंटसह ठेवीन. ती काढली तर चोरीला गेलेली किल्ली कुणाच्या तरी मशीनवर पुन्हा खरी ठरेल, आणि नुकसान तिसऱ्याच माणसाचं होईल.

पुसलेला पत्ता पुन्हा येऊ नये म्हणून नकारयादी लागते. त्यात पत्ता जसाच्या तसा ठेवलात तर पुसलं कुठे? साधा हॅशही (पत्त्यावरून गणिताने काढलेली, उलटी न फिरवता येणारी खूण) पुरत नाही, कारण ईमेल पत्ते अंदाजाने ताडता येतात. गुप्त शब्द मिसळलेला हॅश ठेवा. आणि बॅकअपवरून सर्व्हर उभा करायची वेळ आली तर आधी नकारयादी चालवा, मगच दार उघडा. पुसलेली नावं परत उगवतात ती बहुधा अशा वेळी.

मुदत: जीडीपीआरमध्ये उत्तर एक महिन्यात. भारतीय नियमांत तक्रार निवारणाला जास्तीत जास्त ९० दिवस. दोन वह्या कशाला? सगळ्यांना एक महिना.

पायरी ७: लॉग, म्हणजे सर्व्हरच्या आपोआप होणाऱ्या नोंदी

किल्ल्या सार्वजनिक आहेत. कोण कुणाची किल्ली शोधत होतं हे सार्वजनिक नाही, आणि सर्व्हरवरची सगळ्यात स्फोटक माहिती तीच. सरकारी खात्यातल्या कुणी एका रात्री शोधपत्रकाराची किल्ली उतरवली, एवढी एक ओळ पुरे.

कीसर्व्हरच्या जुन्या एचकेपी पद्धतीत शोधलेला पत्ता दुव्यातल्या प्रश्नचिन्हानंतर येतो. वेबसर्व्हरच्या लॉगमधून तो भाग वगळला की काम होतं. हॅग्रिडच्या नव्या पद्धतीत मात्र पत्ता थेट दुव्याच्या मार्गातच असतो, त्यामुळे तिथे वेगळी गाळणी लावावी लागते. हे मी दोनदा तपासतो, कारण पहिल्यांदा तपासताना मी स्वतःच फसलो होतो.

लॉग सरसकट बंदही करता येत नाहीत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायच्या. नव्या माहिती संरक्षण नियमांत सुरक्षेशी संबंधित लॉगसाठी एक वर्ष आहे. तर कुठल्या ॲडमिनने कधी लॉगिन केलं, कोणती नोंद बदलली, हल्ला कुठून आला, हे वर्षभर ठेवा. कुणाला कुणाची किल्ली हवी होती हे लिहूच नका.

आणि “आमच्याकडे तर सगळं उघडंच, फुटणार काय?” असं समजू नका. भारतीय कायद्यात अनधिकृत बदल हासुद्धा माहितीचा भंग आहे. कुणी सर्व्हरवर शिरून एकाच्या पत्त्याला दुसऱ्याची किल्ली जोडली तर काहीही न फुटता भंग झाला. बाधित माणसाला विनाविलंब कळवायचं, माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा.

पायरी ८: पोलिसांचं पत्र आलं तर

येईल ते बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली: अमुक पत्त्याची माहिती द्या. लेखी घ्या, कलम आणि अधिकाऱ्याचं पद नोंदवा, जे आहे ते द्या. नसलेलं तयार करून देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची उकल करून मागण्याचा आदेश ही वेगळी गोष्ट. तो केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरून निघतो. त्याला उत्तर सरळ आहे: आमच्याकडे एकही खासगी किल्ली नाही, कधी नव्हती. हे वाक्य तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही समजेल अशा मराठीत आधीच लिहून ठेवा. ठाण्यातल्या अधिकाऱ्याला “कीसर्व्हर” ऐकून किल्ल्यांचा जुडगा तुमच्याकडेच आहे असं वाटणं साहजिक आहे.

दुसऱ्याने चढवलेल्या मजकुराबद्दल त्याच कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे तो नुसता ठेवणाऱ्याला, संरक्षण देतं, आणि श्रेया सिंघल निकालाने (२०१५) मजकूर काढायला न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो हे ठरवून दिलं. त्यासाठी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर हवा. त्याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांतल्या मुदती सुधारणांनी आखडत आल्या आहेत, म्हणून ताजी प्रतच वाचा. मात्र हे संरक्षण परक्याच्या मजकुरापुरतं आहे. नाव पुसण्याची जबाबदारी तुमची स्वतःची, तिला कलम ७९ ची ढाल नाही. आणि फोटो-सह्या गाळायच्या त्या सगळ्यांच्या, एकाच यांत्रिक नियमाने. माणूस बघून गाळू लागलात तर मध्यस्थ कसले?

पायरी ९: शेजारी

इतर सर्व्हरांशी ताळा करू नका. केलातच, तर पुसल्याची खबर तासाभरात पोचेल आणि पाळली जाईल असा लेखी करार हवा, कारण जीडीपीआरखाली तुम्ही दोघे संयुक्त जबाबदार ठरू शकता. संपूर्ण डेटाबेसची प्रत उतरवायला ठेवणं ही जुनी प्रथाही सोडा. तिचा सगळ्यात मोठा फायदा स्पॅम पाठवणाऱ्यांना होतो.

पायरी १०: बंद करायचा दिवस

हेही सुरुवातीलाच लिहा. तीन महिने आधी सूचना, नव्या किल्ल्या घेणं लगेच बंद, रद्द केल्याच्या नोंदी शेवटच्या दिवसापर्यंत सुरू. मग डेटाबेस, नकारयादी आणि सगळे बॅकअप पुसायचे. बॅकअप कुठे कुठे आहेत याची यादी मात्र आज करा, तेव्हा आठवणार नाही. सुरक्षा लॉग त्यांची मुदत संपेपर्यंत कुलपात.

डोमेन मात्र सोडू नका. लोकांच्या मशीनवर, जुन्या सूचनांत, स्क्रिप्टांत तुमच्या सर्व्हरचं नाव वर्षानुवर्षं लिहिलेलं राहतं. ते दुसऱ्याने विकत घेतलं तर तो त्याच नावाखाली हव्या त्या किल्ल्या वाटेल. निदान पाच-सात वर्षांचं नूतनीकरण आगाऊ भरा, आणि पावती संस्थेच्या खजिनदाराकडे द्या.